बुद्धीची चाळणी आणि बीडचा माणूस

हल्ली वैद्यकाच्या क्षेत्रात एक नवी योजना मोठ्या उत्साहाने पुढे मांडण्यात येत आहे. ज्यांना नैराश्याने दीर्घकाळ ग्रासले आहे, किंवा ज्यांचे चित्त उन्माद आणि नैराश्य ह्या दोन टोकांमध्ये हेलकावत राहते, अशा भावविकारग्रस्त मनुष्यांच्या स्मृतीची, अवधानाची व विचाराच्या गतीची परीक्षा मोबाइलच्या अथवा संगणकाच्या पडद्यावर घ्यावी. त्या वेळी वैद्य समोर असण्याची गरज नाही. रोग्याने घरी बसून पंधरावीस मिनिटे उत्तरे द्यावी, यंत्राने गुण मोजावे, आणि जो उणा उतरेल त्यास पुढील तपासणीसाठी निवडून काढावे, अशी ही योजना आहे. तिला ऑनलाइन चाळणी असे म्हणतात. चाळून वर राहील तेवढेच पुन्हा निवडून पाहावयाचे, ह्या अर्थाने नाव यथार्थ आहे. प्रश्न एवढाच की, चाळणीची भोके कोणाच्या धान्याच्या मापाने पाडली आहेत, आणि वर राहिलेल्याचे पुढे काय करावयाचे आहे?

ह्या दोन प्रश्नांची उत्तरे कोपनहेगन किंवा टोरांटो येथे एक असतील आणि गेवराई, धारूर, पाटोदा येथे अगदी निराळी असतील. बीड जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहो. जिला रोग्याची भाषा ठाऊक नाही, जिच्या शेजारी मनुष्य बसलेला नाही आणि जिच्या पलीकडे उपचाराची वाट नाही, अशी परीक्षा ह्या जिल्ह्यात आणणे म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक गाठोडे ठेवणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेच पुढे सकारण मांडावयाचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नव्या यंत्राविषयी कोणी शंका घेतली की, जुन्या वळणाची काही मंडळी आनंदाने त्याच्या मागे येऊन उभी राहतात आणि म्हणतात, "पाहा, हे सारे थोतांडच आहे! मनाला कसले आले दुखणे? चार दिवस शेतावर राबवा, म्हणजे बुद्धी ताळ्यावर येते." ह्या मंडळींशी आमचा काडीइतकाही संबंध नाही. नैराश्य म्हणजे केवळ दुःख, अशी जी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते, ती चुकीची आहे. ह्या विकारात मनुष्याची बुद्धीही शिणते. वाचलेले पान डोक्यात राहत नाही. दुकानात गेल्यावर काय आणावयाचे ते आठवत नाही. बोलता बोलता शब्द सापडेनासा होतो. बेरीज तीनदा करूनही भरवसा वाटत नाही. उन्माद व नैराश्य आळीपाळीने येणाऱ्या द्विध्रुवी विकारात तर वृत्ती पूर्ववत झाल्यावरही पुष्कळ रोग्यांत ही उणीव मागे राहते, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनाने दाखविले आहे. पूर ओसरला तरी विहिरीचे पाणी बरेच दिवस गढूळ राहावे, तसा हा प्रकार आहे. रोगी हसू लागला, जेवू लागला, म्हणून घरच्यांनी तो बरा झाला असे मानावे, आणि त्याला कामावर टिकता येऊ नये. मग त्याच्या कपाळी 'आळशी' किंवा 'सोंगाड्या' हा शिक्का बसावा, हे घरोघर घडते. दवाखान्यातही त्याला झोप विचारतात, भूक विचारतात, "हिशेब जमतो का?" असे विचारणारा वैद्य विरळा.

तेव्हा ज्यांनी ह्या दुर्लक्षित दुःखाकडे लक्ष वेधले त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. कोपनहेगन येथील कामिला मिस्कोवियाक व त्यांचे सहकारी यांनी भावविकारग्रस्तांसाठी आंतरजालावरील चाळणी परीक्षा तयार केली. ती 'स्किप' ह्या नावाच्या जुन्या तोंडी व कागदी परीक्षेवर आधारलेली आहे. तिचे भाग पाच: ऐकलेले शब्द लगेच म्हणून दाखविणे, ऐकलेली अक्षरे मध्ये दुसरे काम करून आठवणे, एका अक्षराने सुरू होणारे शब्द भराभर सांगणे, आधीचे शब्द काही वेळाने पुन्हा आठवणे, आणि चिन्हांच्या जोड्या वेगाने जुळविणे. टोरांटो येथील रॉजर मॅकिन्टायर व त्यांच्या सहकाऱ्यांची 'थिंक-इट' ही नैराश्याच्या रोग्यांसाठी केलेली पडद्यावरची परीक्षा २०१७ साली पुढे आली. द्विध्रुवी विकाराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने २०१८ साली अशी शिफारस केली की, वैद्यांनी आपल्या रोग्यांच्या बुद्धिव्यापाराची रीतसर चाळणी शक्य तेथे करावी. येथवर आमचे कोणाशीच भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होते. त्याच तज्ज्ञमंडळाने शिफारशीत एक अट घातलेली आहे: चाळणी करावयाची ती रोग्याची वृत्ती पूर्णपणे, निदान बऱ्याच अंशी, स्थिरावल्यावर. कारण उघड आहे. ऐन नैराश्यात कोणाचीही बुद्धी मंदावलेलीच दिसणार. लेस्ली किलो ह्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ साली बुद्धिभ्रंशाचे सोंग घेणाऱ्या विकारांवर प्रसिद्ध निबंध लिहिला. वृद्ध मनुष्यास नैराश्य आले म्हणजे तो जणू स्मृती गमावून बसल्यासारखा दिसतो, आणि नैराश्य हटले की स्मृती परत येते, हे वैद्यकात तेव्हापासून सर्वमान्य आहे. वृत्ती स्थिरावली आहे की नाही हे ठरविणार कोण? जवळ बसून चार गोष्टी विचारणारा जाणता मनुष्यच. पडदा हे ठरवू शकत नाही. म्हणजे मूळ योजनेत वैद्य गृहीत धरलेलाच आहे. समुद्र ओलांडून ती आपल्याकडे येते तेव्हा मात्र यंत्र तेवढे उतरते आणि वैद्य बोटीवरच राहतो!

आता चाळणीच्या भोकांकडे वळू. अशा परीक्षा बहुधा शिकलेल्या मनुष्याच्या मापाने घडविलेल्या असतात, हे त्या घडविणाऱ्यांनाही ठाऊक आहे. माँट्रियल येथे घडविलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सुविख्यात परीक्षेत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शाळा शिकलेल्यास एक गुण वाढवून देण्याचा नियम आहे. एक गुण! ज्या स्त्रीने शाळेची पायरीच चढली नाही तिच्यात आणि बारावी उत्तीर्ण झालेल्यात ह्या नियमाने काही अंतरच उरत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७७ टक्के, आणि स्त्रियांत ते सुमारे ६८ टक्के. म्हणजे त्या वर्षी सात वर्षांवरील दर तीन स्त्रियांपैकी जवळजवळ एक निरक्षर होती. ह्या स्त्रिया आज आहेत, प्रौढ आहेत, आणि नैराश्य साक्षरता पाहून येत नाही.

अशा लोकांची परीक्षा घेताच येत नाही असे मात्र कोणी समजू नये. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हे काम करून दाखविले आणि १९९५ साली प्रसिद्ध केले. पाश्चात्य परीक्षेत "हे वाचा आणि तसे करा" असा प्रश्न होता. तेथे परीक्षकाने स्वतः डोळे मिटून दाखवावयाचे आणि समोरच्याने अनुकरण करावयाचे, अशी योजना केली. "एक वाक्य लिहा" ह्याऐवजी "तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा" असे विचारले. इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगितले. मग ही परीक्षा गावातल्या माणसांवर घेऊन, निरोगी निरक्षर मनुष्यास सामान्यतः किती गुण मिळतात, ते आधी पाहिले. ह्यास म्हणतात परीक्षा आपल्या मातीत रुजविणे! शब्दकोश पुढे घेऊन प्रश्नांचे भाषांतर करणे म्हणजे परक्याचा अंगरखा आपल्या अंगाला न मापता केवळ रंगवून घेणे होय.

आणि मराठीचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने आपल्या देशातील अनेक भाषांसाठी बुद्धिव्यापाराच्या परीक्षांचा एक संच तयार झाला आणि त्याविषयीचे लेखन २०२० साली प्रसिद्ध झाले. काम स्तुत्य होते. त्यातील पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. ज्या भाषेच्या थोरवीची भाषणे ऐकून आपले कान किटले, तिच्यात एका आजारी माणसाची स्मृती नीट मोजण्याचे साधन घडवावे असे आपल्या विद्यापीठांस अगत्याने का वाटले नाही, हा प्रश्न विचारावयास नको काय?

भाषेची अडचण केवळ शब्दांची नाही. इंग्रजीत "एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा" हा प्रश्न सरळ आहे. मराठीत 'क' म्हटल्यावर 'कमळ' चालते. 'किल्ला', 'केळ', 'कौल' चालतात की नाही? क्रमाने बाराखडी शिकलेला मनुष्य 'कि' हे निराळे अक्षर मानील. शाळेत न गेलेल्याला अक्षर म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, मात्र "घरात लागणाऱ्या वस्तू सांगा" म्हटल्यास तो वीस वस्तू एका दमात सांगेल. काही परीक्षांत आकडा व अक्षर आळीपाळीने जोडीत जावयाचे असते. इंग्रजी मुळाक्षरे तालावर पाठ केलेल्यास ते सोपे. आपल्याकडे पदवीधरालाही 'ट'नंतरची अक्षरे त्या वेगाने आठवत नाहीत. तो पदवीधर बुद्धिमंद ठरावा काय? शिवाय आता उच्चारलेले शब्द यंत्रच ऐकून मोजते. पुण्याच्या वर्तमानपत्री मराठीवर ज्या यंत्राचे कान तयार झाले, त्याला "काय करायलास?" अशी बोली बोलणाऱ्या आष्टीच्या आजीबाईंचा उच्चार कळला नाही, तर उणेपण कोणाचे मांडले जाईल? यंत्राचे खासच नाही!

परीक्षा जेथे घ्यावयाची ते घरही पाहू. बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या कोयत्याने फेडावयाची असते. अशा कोयत्यातील एखाद्या स्त्रीला द्विध्रुवी विकार असून ती लिथियमच्या गोळ्या घेत आहे, असे समजा. पहाटे अंधारात तिचा दिवस सुरू होतो. मोळ्या वाहून रात्री ती कोपीत परतते. मग नवऱ्याच्या मोबाइलवर, दोन मुले अंगाशी असताना, तिने चिन्हांच्या जोड्या जुळवावयाच्या! मोबाइल नवऱ्याचा म्हणण्यास कारण आहे: २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच आढळला होता. तिला गुण कमी पडले, तर ते रोगाने की शिणाने, रक्तातील लोहाच्या उणिवेने की तडा गेलेल्या काचेमुळे, हे कोण सांगणार?

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. लिथियम हे उत्तम औषध आहे, परंतु शरीरातील पाणी आटले की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते आणि ते विषासारखे होते. हात कापतात, पाय अडखळतात, बुद्धी गोंधळते. उन्हात घाम गाळणाऱ्या मजुराला हा धोका विशेष. तेच लिथियम दीर्घकाळ घेतल्याने कंठातील थायरॉइड ग्रंथी मंदावते, आणि तीमुळेही विचार जड होतो. हातांचा कंप थांबावा म्हणून काही औषधांच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, तेही स्मृतीला बाधते. अनुभवी वैद्य रोगी दारातून आत येताच त्याची चाल पाहतो, हात पुढे करावयास सांगतो, कातडी व जीभ पाहतो, आणि रक्त तपासावयास धाडतो. पडद्याला कापणारा हात दिसत नाही; त्याला दिसते ते इतकेच की उत्तरास उशीर झाला. जेथे त्याच दिवशी औषध थांबवून रक्त तपासावयास हवे होते, तेथे 'बुद्धिव्यापार उणा' असा शेरा येईल आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळेल. ह्या पंधरा दिवसांत काय होईल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता प्रतिपक्षाचे मुख्य म्हणणे घेऊ. ते असे: "वैद्य थोडे आहेत, रोगी फार आहेत. उत्तम मिळत नाही म्हणून बरेसुद्धा नाकारावे काय? काहीच नसण्यापेक्षा पडदा बरा." हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, म्हणून थोडे गणित करणे प्राप्त आहे. समजा, एखादी परीक्षा शंभर उणिवा असलेल्यांपैकी ऐंशींना ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ऐंशींना निरोगी ठरविते. आता ती सरसकट एक हजार लोकांवर चालविली, आणि त्यांत खरोखर उणीव असलेले शंभर आहेत असे धरले. शंभरांतले ८० सापडतील. उरलेल्या नऊशे निरोग्यांतून १८० जण फुकट पकडले जातील. म्हणजे शिक्का बसलेल्या २६० जणांत १८० निर्दोष! तीच परीक्षा उपचाराखालील हजार भावविकारग्रस्तांवर वैद्याने चालविली, आणि त्यांत चारशेंना उणीव आहे असे धरले, तर ३२० खरे सापडतील आणि १२० चुकीने. चाळणी तीच, रास बदलली की अर्थ बदलतो. म्हणून दवाखान्यात वैद्याच्या हाती जी वस्तू उपयोगी, तीच गावभर वाटली तर उपद्रवी ठरते. आणि ज्या वैद्यांच्या तुटवड्याचे कारण पुढे केले जाते, त्याच थोड्या वैद्यांच्या दारात हे १८० निर्दोष जाऊन बसणार. मग खऱ्या रोग्याचा क्रमांक लागावयाचा केव्हा? तुटवड्यावर ही मात्रा नव्हे. ती तुटवडा वाढविणारी आहे.

दुसरे म्हणणे असे: "आपल्याकडे मनाच्या दुखण्याची लाज वाटते. पडद्यापुढे लाज नाही. कोणाला कळत नाही." ह्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. वेड्यांच्या दवाखान्याची पायरी चढताना जो पाय थरथरतो, तो घरी बसून उत्तरे देताना थरथरणार नाही. परंतु कोणाला कळत नाही हे कशावरून? दुसऱ्याच्या मोबाइलवर दिलेली परीक्षा आणि तिचे गुण त्या मोबाइलच्या मालकाला कळतातच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आहे. परंतु भाऊबंदकीपुढे, सोयरीक मोडणाऱ्यापुढे आणि नोकरीवरून काढणाऱ्यापुढे ह्या कायद्यांचा आवाज किती पोहोचतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. "हिचे डोके चालत नाही, हे पाहा मोबाइलवर आले आहे," एवढे वाक्य एका विधवेच्या वाट्याची जमीन हिसकावण्यास अथवा एखाद्या सुनेला माहेरी धाडण्यास पुरे होईल. वास्तविक २०१७ चा तोच कायदा स्पष्ट सांगतो की, एखाद्यास मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो विकलमनाचा ठरत नाही. तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. जेथे वैद्याच्या निदानालाही हा अधिकार नाही, तेथे पडद्यावरील आकड्याला तो कोठून येणार? तरीही आकड्याचा दरारा विलक्षण असतो. वैद्याच्या मताशी लोक वाद घालतात. छापील आकड्यापुढे मान तुकवितात.

आमची ही भीती कोणास अतिशयोक्त वाटत असल्यास त्याने बीड जिल्ह्याचाच गेल्या काही दशकांचा अनुभव आठवावा. सोनोग्राफीचे यंत्र मूलतः निर्दोष आहे. त्याने असंख्य बाळंतिणींचे प्राण वाचले आहेत. परंतु ते ह्या जिल्ह्यात विवेकाच्या आधी पोहोचले. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ साली झाला; तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे मुली उरल्या ८०७. पुढे २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८०,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पोटात दुखते म्हणून गेलेल्या कित्येक स्त्रियांनी सांगितले की, तपासणी झाली, कर्करोगाची भीती घालण्यात आली, आणि पिशवी काढण्यात आली. तपासणी आणि भय ह्यांची जोडी जमली, मध्ये समजावून सांगणारे कोणी नसले, आणि शेवटी पैसा उभा असला, म्हणजे काय होते, हे बीडने शरीरावर सोसले आहे. आता तोच प्रयोग मनावर व्हावा काय? "स्मृती कमी आहे" असा शेरा हाती देऊन पाठोपाठ शक्तिवर्धक गोळ्या, मेंदूच्या छायाचित्रांचे खर्च आणि 'बुद्धी वाढविणारे' वर्ग विकणारे पुढे येणार नाहीत, असे ज्यांस वाटते त्यांच्या भाबडेपणाचे आम्हांस कौतुक वाटते.

मग आमचे म्हणणे तरी काय? हे सारे बंद ठेवावे? मुळीच नाही. आमच्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही साध्य आहेत.

पहिली, परीक्षा मराठीत घडवावी; भाषांतरित करू नये. मराठीचा आद्य ग्रंथ मानला जाणारा 'विवेकसिंधु' ज्यांच्या नावावर आहे त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस आहे. आणि आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा अभिमानाने उल्लेख होतो ते स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयही तेथेच आहे. बल्लभगढला जे झाले ते अंबाजोगाईला होऊ शकत नाही, असे म्हणण्यास कारण दिसत नाही. मुकादमाचा हिशेब, बाजाराची यादी, आठवड्याचे वार, पाच नात्यांची नावे, ह्यांतून निरक्षर मनुष्याची स्मृती व अवधान उत्तम मोजता येतील. ज्या बाईला शेकड्यांनी ओव्या पाठ आहेत तिला स्मृती नाही असे म्हणणाऱ्या परीक्षेचीच परीक्षा घ्यावयास हवी. साक्षर व निरक्षर, तरुण व वृद्ध, अशांचे निरनिराळे सामान्य गुण आधी ठरवावे, मगच कोणास उणा म्हणावे.

दुसरी, पडद्याशेजारी मनुष्य बसवावा. असा मनुष्य आपल्यापाशी आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी व्यथित होऊन शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, तेव्हा घरोघर जाऊन मनाची विचारपूस करण्याचे काम आशा स्वयंसेविकांवर सोपविले होते. गावातली आशा गावाची बोली जाणते, घरातला ताण ओळखते, आणि उत्तर देताना बाई का रडली हेही तिला कळते. यंत्र तिच्या हाती साधन म्हणून द्यावे; मात्र ह्या कामाचे शिक्षण आणि योग्य मोबदला तिला मिळाला पाहिजे. आधीच वाकलेल्या आशेवर आणखी एक फुकट काम लादण्यास आमची संमती नाही.

तिसरी, चाळणीच्या पलीकडे वाट असावी. आष्टीपासून अंबाजोगाई शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. एका खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व व मानसिक आरोग्य ह्यांसाठी शासनाने इमारती उभ्या केल्या, आणि कोविडच्या साथीत त्या रुग्णालय म्हणून कामी आल्या. इमारती आहेत, त्यांत माणसे किती, औषधे किती, लिथियमची रक्ततपासणी त्याच दिवशी होते की नाही, हे जिल्ह्याने वर्षातून एकदा जाहीर करावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलते. आम्ही तिचे स्वागत करतो, कारण तेथे पलीकडे माणसाचा आवाज आहे. ज्या तालुक्यात उणीव सापडलेल्या रोग्याला महिन्याच्या आत वैद्य भेटू शकत नाही, त्या तालुक्यात चाळणी नेऊच नये. वाट नसलेल्या ठिकाणी दिवा लावून प्रवाशाला काय दाखवावयाचे? खड्डा?

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांस, कारण ह्या परीक्षा प्रथम येतील त्या मजुरांच्या कोपीत नव्हे, तर आपल्या दिवाणखान्यात. पुण्याहून नोकरी सोडून परत आलेला मुलगा, बाळंतपणानंतर गप्प झालेली सून, निवृत्तीनंतर नावे विसरू लागलेले वडील, ह्यांच्या हाती मोबाइल देऊन "जरा हे करून पाहा" असे म्हणण्याचा मोह आपणास होईल. तो आवरावा. त्यांना हवी आहे ती आपली घटकाभर सोबत आणि वैद्यापर्यंतची साथ. वैद्याकडे गेल्यावर मात्र झोपेभुकेबरोबर हेही आवर्जून सांगावे की, पूर्वी जमणारा हिशेब आता जमत नाही, वाचलेले राहत नाही. आणि वैद्याने ते हसण्यावारी नेल्यास पुन्हा सांगावे. घरच्या माणसाने पूर्वीचा आणि आताचा फरक नेमका सांगणे, ही कोणत्याही यंत्राला न साधणारी परीक्षा आहे, आणि तिला पैसाही पडत नाही.

बीडच्या माणसाची आजवर पुष्कळांनी मोजणी केली आहे. कारखान्याने त्याला टनांत मोजले, मुकादमाने उचलीत मोजले, निवडणुकीने मतांत मोजले. आता त्याचे मन मोजावयास कोणी येत असेल, तर त्याने आधी त्याच्या शेजारी बसावे, त्याच्या भाषेत त्याची चौकशी करावी, आणि मोजून झाल्यावर त्याला तसाच टाकून जाऊ नये. एवढे पथ्य पाळण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्या चाळणीचे आम्ही स्वागत करू.